रोलर फिरव, डेस्मंड!

ऑस्ट्रेलियात कालगुर्लीजवळच्या आमच्या सोन्याच्या खाणीत त्या सकाळी वर्कशॉपमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. तेलविक्या डेस्मंड पाइकच्या यंत्रात लोखंडी चाक गरगर फिरत होतं, त्यावर घट्ट बसवलेला, स्वतः न फिरणारा पोलादी रोलर दाबलेला. आमचं रोजचं तेल टाकून त्याने रोलरवर वजनं चढवली. तिसऱ्याच वजनाला चाक किंचाळून थांबलं. मग त्याने आपल्या जांभळ्या तेलाचे पाच थेंब सोडले. आठ वजनं चढली तरी चाक मजेत फिरतंय!

"मित्रांनो, हे पोलादाचं अमृत! लोखंडाच्या रोमारोमात भिनतं. ग्रीसची गाडी आठवड्यातून एकदा फिरवा, बाकी दिवस झोपा!"

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. डंपरना वंगण देत फिरणारी ती गाडी मीच चालवते. आधी माझा भाऊ कॉलम चालवायचा. वर्षापूर्वी याच प्रयोगाला भुलून फोरमन नेव्हिलने रोजचं ग्रीस आठवड्यावर नेलं. डंपरचं बेअरिंग जळालं, चाक निखळलं. अमृत तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणजे कामचुकार कॉलमच! त्याची नोकरी गेली, नाव गेलं. तेव्हापासून मी डेस्मंडची वाट पाहत होते.

"डेस्मंड, रोलर जरा फिरव."

"अगं रोंडा, नाजूक यंत्र आहे ते!"

"डंपर पेलणारं तेल, आणि यंत्र नाजूक?"

लोक हसले. मी रोलर काढून सगळ्यांना दाखवला. पहिल्या वेळी तो कोरा, गोल असतो. सगळं वजन केसाएवढ्या रेघेवर येतं. ती रेघ घासून नखाएवढी सपाट होते. दुसऱ्या वेळी वजन त्या सपाटीवर पसरतं, मग तेल कुठलंही चालतं. सपाट बाजू लावून मी कँपातला शाम्पू ओतला. आठही वजनं पेलली. कोरी बाजू लावून अमृत टाकलं. तिसऱ्याला किंकाळी!

डेस्मंड बॅग भरू लागला. मी वाट अडवली.

"थांब की. तुझ्या गाडीतलं तेल काढून हेच भरते. पर्थ सहाशे किलोमीटर. जा."

"वेड लागलंय का? इंजिन जळेल!"

"चूक झाली, रोंडा," नेव्हिल पुटपुटला.

"मला नको. कॉलमला सांग. आत्ता, फोनवर, सगळ्यांसमोर."

टाळ्या वाजवणाऱ्यांनाही मी सोडलं नाही. म्हटलं, दोन्ही तेलांची परीक्षा सारखीच घेतली का, एवढं तरी विचारा. तुम्ही विचारत नाही, म्हणून भोगतो भलताच.

नेव्हिलने फोन लावला, माफी मागितली. आवाज बारीक निघाला. मी त्याला पुन्हा मागायला लावली.