रिकाम्या बॅगेची फेरी

वर्षाच्या शेवटच्या दिवशी रिकामी बॅग घेऊन गल्लीला फेरी मारली की नव्या वर्षात प्रवास घडतो, हे कितो शहरात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. नेलिदा लग्न झाल्यापासून दरवर्षी ही फेरी मारत आली होती, आणि तिचा प्रवास दरवर्षी गल्लीच्या कोपऱ्यावरून घरापर्यंतच होत होता. दोष बॅगेचा नव्हता, नवऱ्याचा होता.

एफ्राइन तोआपांता चष्म्याची भिंगं घासायच्या कामावर होता आणि पंचेचाळिसावं लागलं की नोकरीला रामराम ठोकायचा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्यासाठी तो वापरलेली टी-बॅगसुद्धा दोरीवर वाळत घालायचा. समुद्राकाठी छोटंसं घर, अंगणात जाळीचा झोका आणि मग जन्मभर सुट्टी. माणूस वाईट नव्हता हो. त्या झोक्यात तो आधी बायकोलाच बसवणार होता, फक्त अजून सहा वर्षांनी. तिने आत्ता समुद्राचं नाव काढलं की म्हणायचा, "अगं, तिथेच तर राहायचंय आपल्याला! आत्तापासून तिकिटात पैसे कशाला घालवायचे?"

यंदा गल्लीने सरत्या वर्षाचा म्हणून जाळायच्या पुतळ्याला एफ्राइनचंच तोंड लावलं. भुशाने भरलेलं पोट, ठिगळांची पँट आणि गळ्यात पाटी : 'पंचेचाळीस होईपर्यंत उठवू नये.' एफ्राइनने पुतळ्याभोवती एक चक्कर मारली आणि पँटचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"अजून दोन वर्षं सहज निघतील हिची," तो म्हणाला. "जाळता कशाला?"

"मग तूच घाल की," शेजारची तार्हेलिया म्हातारी म्हणाली. "तुझ्यासकट जाळू."

या गल्लीतल्या निम्म्या घरांची मुलं माद्रिदला कामाला आहेत, त्यामुळे इथे नवं वर्ष दोनदा येतं. संध्याकाळी सहाला तिकडे मध्यरात्र होते तेव्हा एकदा, आणि मग आपलं स्वतःचं. सहा वाजले, तार्हेलियाचा तिकडचा लेक नव्या वर्षाची शकुनाची द्राक्षं तोंडात कोंबून फोनमधून ओरडला आणि सगळ्यांनी आपापल्या बॅगा उचलल्या. एफ्राइननेही बायकोच्या बॅगेला हात घातला. बॅग जागची हलेना.

"यात काय दगड भरलेस?"

"कपडे."

"अगं, रिकामी न्यायची असते! एवढंही विसरलीस?"

"रिकामी नेऊन बघितली ना इतकी वर्षं," नेलिदा म्हणाली. "सर बाजूला."

वरात निघाली. कोपऱ्यावर सगळे उजवीकडे वळले. नेलिदा वळली नाही. बॅगेची चाकं खडखडवत ती सरळ उताराने खाली निघाली.

"नेलिदा! इकडून! इकडून वळायचंय!"

तिने मागे न बघताच हात हलवला.

"बघत काय उभा राहिलास?" तार्हेलिया खेकसली. "बायको चालली की तुझी!"

एफ्राइन पळत सुटला. उताराच्या तळाशी, बसच्या अड्ड्यावर, त्याने तिला गाठलं तेव्हा तिची बॅग बसच्या पोटात गेलीसुद्धा होती.

"कुठे... कुठे निघालीस?"

"आताकामेसला. समुद्रावर. चार दिवस."

"आणि मी?"

"तू पंचेचाळिसाव्या वर्षी येणार आहेस ना? ये सावकाश."

"पण पैसे?"

"माझ्या शिवणाचे. तुझ्या घराची एक वीटही हलवलेली नाही, घाबरू नकोस." तिचा आवाज जरा खाली आला. "साठव रे तू. साठवू नको म्हणतंय कोण? समुद्र काय, तेव्हाही असेल. पण पाण्यात खिदळायची हौस तेव्हा मला असेल का, कोण सांगणार? मला ती आत्ता आहे."

ती रागावली असती तर त्याने समजूत काढली असती, त्यात त्याचा हातखंडा होता. पण ती रागावलेलीच नव्हती. ती खुशीत होती, आणि त्याच्यावाचून खुशीत होती. एफ्राइनला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. आपल्या त्या झोक्यात उद्या आपण एकटेच बसलेलो असू, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

तो तिकिटाच्या खिडकीकडे धावला.

"ड्रायव्हरशेजारचं स्टूल तेवढं उरलंय," आतली बाई म्हणाली. "भाडं पूर्ण पडेल. वर सणाचा जादा दर."

"स्टुलाला पूर्ण?" सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं. मागे बसचं इंजिन सुरू झालं. "द्या, द्या! लवकर द्या!"

बस शहराबाहेर पडली तेव्हा एफ्राइन अंगावरच्या कपड्यांनिशी, गुडघे हनुवटीला लावून त्या स्टुलावर बसला होता. नेलिदाने मागून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून आपली खिडकीची जागा तिने वाटेत चढलेल्या एका लेकुरवाळीला दिली आणि पुढे येऊन त्याच्या शेजारी, इंजिनाच्या गरम झाकणावर ओढणी अंथरून बसली.

"माझ्या तिकिटाचे पैसे वाया गेले बघ," ती म्हणाली.

"जाऊ दे," एफ्राइन म्हणाला.

नेलिदा इतक्या मोठ्याने हसली की ड्रायव्हरने वळून पाहिलं.