वर कोणी नाही

रुमालाबरोबर खिशातून किल्ली बाहेर आली आणि रुग्णालयाच्या फरशीवर खणकन पडली. पितळी बिल्ला, लाल दोरी. रडार मेकॅनिकने ती लगेच उचलली नाही. नुसता पाहत राहिला.

"कसली रे?" आईने विचारले.

"अँटेनाची."

हवाई दलाच्या त्याच्या रडार तुकडीत एक नियम होता. टेकडीवरच्या अँटेनाला ग्रीस भरायला जो चढेल, त्याने तिच्या स्विचची किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. उतरल्यावर त्यानेच ती परत लावायची आणि म्हणायचे, "वर कोणी नाही." निरोप चालत नसे, फोन चालत नसे. सकाळी तो उतरत असतानाच आईचा फोन आला: बाबांना धाप लागली आहे. तो तसाच धावला. दोष फोनचा नव्हता. तो विसरला, इतकेच.

उंचावरची विमाने दूरच्या केंद्रालाही दिसत. दरीतून खालून येणारे विमान मात्र फक्त याच रडारला दिसे. किल्लीवाचून अँटेना थांबलेली, म्हणून ते रडार आता आंधळे होते.

त्याने तुकडीला फोन लावला.

"अहो, आहात कुठे?" साहेब कडाडले. "अर्धी तुकडी तुम्हाला शिडीखाली शोधतेय!"

"रुग्णालयात, साहेब. वर कोणी नाही. कुलूप तोडा."

"आवाज ओळखतो हो मी तुमचा. पण असंच ऐकून तो स्विच एकदा दाबला गेलाय. तोडायला परवानगी लागते, तोवर संध्याकाळ होईल. वडील कसे आहेत?"

"बरे नाहीत."

"मग थांबा तिथेच. बघतो मी."

तो वळला तेव्हा बाबा जागे होते. तुकडी उभी राहिली तेव्हाचे ते पहिले मेकॅनिक. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही, बाबा."

"ते तुला माहीत. त्यांना?"

तो स्विच बाबांनीच दाबला होता. वर त्यांचा जोडीदार होता. नियम त्यानंतर झाला. घरात त्याविषयी कधी कोणी बोलले नाही, मात्र बाबांनी दिव्याचे बटणही "लावू का?" असे विचारल्यावाचून कधी दाबले नाही.

"दुसऱ्या कुणाच्या हाती धाड ना," आई म्हणाली. "एवढीशी ती किल्ली!"

"त्याच्याच हातून लागते," बाबा म्हणाले. मग त्याच्याकडे पाहून, "जा. मी काय पळून जातोय थोडाच?"

तो गेला. टेकडीवर पोचून किल्ली लावली, ठरलेले शब्द उच्चारले. अँटेना कुरकुरली आणि फिरू लागली. पडद्यावर दरी रिकामी होती. मधल्या वेळात तिथून कोणी गेले की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "आईंचा फोन होता," ते म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढली.

पुढे आई सगळ्यांना सांगत असे, "हा टेकडीवर पोचेपर्यंत थांबले होते हो ते. अँटेना फिरली, मगच डोळे मिटले."

त्याला वेळा ठाऊक होत्या. बाबा गेले तेव्हा तो अजून रस्त्यातच, रेल्वेच्या बंद फाटकापाशी खोळंबला होता. तो मान डोलावी. हात आपसूक खिशात जाई. खिसा रिकामा असे.