शेवाळाची रेघ

हर्षा समुद्राच्या शेवाळात डॉक्टर झाली, हे लहानूमामांच्या टोलीत, त्या खाणीलगतच्या वस्तीत, कुणाला धड पटलं नव्हतं. जिथं डोळ्यांत कोळशाची धूळ आणि घशात सिमेंटची, तिथं समुद्राचं कौतुक कोण करणार? मामी गिरजाबाई तर पाहुण्यांना सांगायची, "आमची भाची पान्यातल्या गवताची डॉक्टर हाये." लोक हसत, हर्षाही हसायची. काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. किनाऱ्यावर भूकंप झाला की जमीन कुठं वर उचलली जाते, कुठं खाली दबते. वर आलेल्या खडकावरचं शेवाळ उन्हात पडतं आणि काही दिवसांत पांढरं होतं. जमीन किती हलली आणि कधी हलली, हे हर्षा त्या शेवाळावरून सांगायची.

मामेबहीण रिनाच्या लग्नाला ती अंदमानहून आली होती. घुग्घुसच्या रस्त्यालगत, मामांच्याच अंगणात मंडप होता. लग्न साडेअकराचं. नऊच्या सुमारास ती हौदावर हात धुवायला गेली आणि थबकली.

दहा फुटी हौद मामांनीच बांधलेला. चाळीस वर्षांचे गवंडी ते. हौद रोज एकाच उंचीपर्यंत भरायचा आणि त्या उंचीला भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ धरली होती. आज मंडपाकडच्या टोकाला ती रेघ दोन बोटं पाण्याखाली होती आणि दुसऱ्या टोकाला दोन बोटं वर. पाणी काही तिरपं उभं राहत नाही. हौदच कलला होता. वर आलेल्या शेवाळावर तिनं बोट फिरवलं. ओलं, हिरवंगार. एक दिवस जरी ऊन लागलं असतं तरी वाळून गेलं असतं. म्हणजे हौद रात्रीतूनच कलला होता. आणि टोलीच्या पोटात जुनी बंद पडलेली भुयारी खाण होती, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"मामा, मंडपाखालची जमीन खचून राह्यली. मानसं हलवा."

रिनाचे होणारे सासरे सोमाजी शेजारीच चहा पीत होते. ते म्हणाले, "हौद वाकडा असन तं गवंडी वाकडा. जमिनीले काऊन दोष देतं, पोरी?"

मंडपात हशा पिकला. मामांना उपाशी ठेवा, शिव्या द्या, चालेल. कामाला नाव ठेवलेलं मात्र खपायचं नाही. तरातरा घरात जाऊन त्यांनी पातळी पाहायची पाणी भरलेली नळी आणली आणि हौदाच्या दोन्ही टोकांना धरली. काठात चार बोटांचा फरक निघाला.

"पाहा," सोमाजी म्हणाले. आणखी हशा.

मामा हसले नाहीत. वाकून ते बराच वेळ शेवाळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी वाकडा बांधला असता, तरी शेवाळ पान्यासंगं सरळच धरलं असतं ना व?"

"हो मामा."

"किती टाइम हाये?"

"मले नाई सांगता येत. घंटाभर, नाई तं महिना."

हे खरं होतं आणि खरं सांगतानाही तिला ओशाळं वाटलं. दोनशे माणसं आत बसली होती. खाणीत पाळीवर जाणारा एक पाहुणा म्हणाला, कोळसा काढल्यावर खाली रेती भरली हाये, काई होत नाई. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमाजींनी तर बजावलंच, मंडप हलला तर आम्ही वरात परत नेऊ.

मामा स्टेजची पायरी चढून माइकपाशी गेले.

"मंडळी, माफी करा. हे घर मीच बांधलं. सिमेंट कमी घातलं, लोखंड कमी टाकलं. भिंत केव्हाबी मंडपावर येईन. लगन शाळेच्या मैदानात लावू."

जो माणूस आपणच आपल्या तोंडाला काळं फासतो, त्याच्याशी वाद कोण घालणार? लोक उठले, बडबडत, नाकं मुरडत. गिरजाबाई मामांच्या जवळ येऊन म्हणाली, "खोटं काऊन बोलता?" मामा म्हणाले, "पयले बाहीर चाल."

फाटकात थांबून सोमाजी आपल्या व्याह्यांना म्हणाले, "इवाई, आता कोनाचं घर बांधू नका."

मामांनी हात जोडले.

शाळेच्या मैदानात बुद्धवंदना, पंचशील म्हणून झालं. नवरानवरी हार घेऊन उभे राहिले. हर्षाचे कान टोलीकडे होते. जमीन खचली तर मामांचं घर जाणार. नाही खचली तर नाव जाणार. आणि आपण ती खचण्याची वाट पाहतो आहोत, हे लक्षात येताच तिला स्वतःचीच शिसारी आली.

हार गळ्यात पडले आणि पायाखालची माती थरथरली. मागून दबका आवाज आला, मग टोलीवर धुळीचा लोट उठला.

लोक धावले. मंडपाच्या जागी चार विहिरी मावतील एवढा खड्डा होता. घराची पुढची बाजू त्यात गेली होती, मागची काठावर तशीच उभी होती. तुटलेल्या स्लॅबमधून लोखंडी सळया बाहेर आल्या होत्या, बोटाएवढ्या जाड आणि दाट. सोमाजी त्या सळयांकडे पाहत राहिले. मग वळून त्यांनी मामांचे दोन्ही हात धरले.

"काम सरळ होतं माझं," मामा म्हणाले, आणि दोनशे माणसांसमोर ढसाढसा रडले.