बरोबर सत्तर

ट्रेव्हर व्हॅनडरप्लॉगचा पदवीदान समारंभ मे महिन्यातच उरकला होता. झगा घालून तो मंचावर चालला, आईनं केक कापला आणि पदवीचं निळं कव्हर दिवाणखान्यात मांडलं. आत कागद तेवढा नव्हता. विज्ञानाची चार क्रेडिटं कमी होती. ती उन्हाळ्यात मिळवली तरच पदवी, आणि पदवी हातात पडली तरच ऑगस्टात शिकागोची नोकरी.

म्हणून तो आयोवातल्या आपल्या गावी परतला आणि कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्राला बसला. सोळा आठवड्यांचा विषय तिथे सहा आठवड्यांत कोंबलेला. सोमवारी हृदय, मंगळवारी मूत्रपिंड. बुधवारी एक मुलगी पडलेली पेन्सिल उचलायला वाकली, ती वर येईस्तोवर यकृत संपलं होतं.

त्याच्या टेबलावर जोडीदार मिळाली डार्ला क्रूगर. बावीस वर्षं डुकरांच्या कत्तलखान्यात सुरी चालवून आता चौपन्नाव्या वर्षी नर्स व्हायला निघालेली. डुकराचं पिल्लू चिरायला दिलं, तेव्हा ट्रेव्हर नाकाला रुमाल लावून पुस्तकातलं पान शोधत होता. तेवढ्यात डार्लानं सगळे अवयव ओळीनं मांडले.

"काय रे पदवीधर, हात लावशील की नुसतंच दर्शन घेशील?"

"डार्ला, मला सत्तर टक्के पुरेत," ट्रेव्हर म्हणाला. "विद्यापीठात क्रेडिट जातं, मार्क जात नाहीत. सत्तरला 'सी' मिळतो, विद्यापीठाला तेवढा चालतो. एकाहत्तरावा टक्का म्हणजे फुकटची हमाली."

"आणि एकोणसत्तर पडले तर?"

"हिशेब येतो मला."

हिशेब त्याला खरंच यायचा. जेवढा वेळ लोक अभ्यासाला देत, तेवढा तो अभ्यास टाळायचं गणित मांडण्यात घालवी. शेवटच्या परीक्षेपर्यंत आकडा नक्की झाला: पन्नास अवयवांत टोचलेल्या पन्नास टाचण्या, त्यांतले एकतीस अवयव ओळखले की आधीचे मार्क धरून एकूण बरोबर सत्तर.

परीक्षेला ट्रे ओळीनं मांडलेले होते. ट्रेव्हरनं डोळे मिटूनही चुकणार नाहीत असे एकतीस अवयव निवडून लिहिले, एकोणीस रकाने कोरे सोडले आणि वीस मिनिटांत उठला.

"अरे, काहीतरी लिही की," डार्ला कुजबुजली. "चुकलं तर मार्क कापत नाहीत."

"वाया कशाला घालवायचं?" असं म्हणून त्यानं बॅग ऐटीत खांद्यावर फेकली. बॅगेचा पट्टा बाराव्या ट्रेला अडकला, ट्रे हलला, टाचणी प्लीहेतून निसटून शेजारच्या जठरात जाऊन बसली. ट्रेव्हरनं मागं वळूनही पाहिलं नाही. त्या ट्रेपाशी नंतर आलेल्या निम्म्या वर्गानं प्रामाणिकपणे 'जठर' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जीवशास्त्र शिकवणाऱ्या ऑस्टरहाउस बाईंनी जाहीर केलं, "बारावा प्रश्न रद्द. टाचणी सरकली होती. कुणी खरं काय पाहिलं, ते मला कळायला मार्ग नाही. आता एकोणपन्नासांतून."

बाराव्याला ट्रेव्हरनं 'प्लीहा' बरोबर लिहिलं होतं; त्याचे एकतीस होते, ते तीस झाले. एकूण बेरीज एकोणसत्तर पूर्णांक आठ. 'सी' नाही, त्याच्या खालचा मार्क. आणि तसल्या मार्काला विद्यापीठ दारात उभं करत नाही.

"बाई, शून्य पूर्णांक दोन," तो म्हणाला. "तेवढं वर ओढता येणार नाही का?"

बाईंनी त्याची उत्तरपत्रिका उलगडली. एकोणीस कोरे रकाने पांढरेशुभ्र दिसत होते.

"कुठल्या उत्तरावर ओढू, तेवढं दाखव."

शिकागोवाल्यांनी नोकरी दुसऱ्याला दिली. केकचं ताट कधीच धुऊन झालं होतं. निळं कव्हर मात्र आईनं हलवलं नाही, आलेल्यागेलेल्यांना ती ते न उघडताच दाखवते.

ऑगस्टच्या अखेरीस तोच विषय, तीच खोली, तोच फॉर्मॅलिनचा वास. फरक एवढाच की या खेपेला डार्ला विद्यार्थिनी नव्हती. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मिळवल्याबद्दल कॉलेजनं तिला नव्या मुलांना शिकवायला पगारावर ठेवलं होतं. तिनं ट्रेव्हरकडे एक ॲप्रन फेकला आणि त्याची बॅग काढून घेऊन खुंटीला टांगली.

"मग पदवीधर, या वेळी किती?"

ट्रेव्हरनं ॲप्रनची गाठ मारली. उन्हाळाभर त्यानं फार विचार केला होता.

"एकाहत्तर," तो म्हणाला.