हिरव्या बटणामागे कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटांचा नाही, साबणाचाही नाही, मी वेबसाइटचा साचा. बाजारात मला टेम्प्लेट म्हणतात. ज्यांना आपल्या धंद्यासाठी वेबसाइट हवी असते, पण ती पायापासून बांधून घ्यायला सवड नसते, ते मला आयता विकत घेतात. माझ्यातली नमुन्याची नावं आणि चित्रं काढून तिथे आपली घालतात. तुम्ही म्हणाल, किती सुखाचं आयुष्य! पण खरं सांगतो, माझ्याइतका भित्रा जीव तुम्हाला शोधून सापडणार नाही.

मला एका मुलीने बनवलं. खिडकीजवळच्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून ती तासन्‌तास माझे कोपरे घासूनपुसून गुळगुळीत करायची. तिने मला हॉटेलसाठी घडवलं होतं. कपाळावर एका चकचकीत इमारतीचं रुंद चित्र, त्याच्या वर एका पट्टीत फोन नंबर. हे झालं माझं संगणकावरचं रूप. फोनच्या पडद्यावर मात्र मला अंग चोरून उभं राहावं लागतं. तिथे वरची पट्टी लपते, चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जातात आणि तळाशी एक गोल हिरवं बटण उगवतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘आत्ता फोन करा’.

त्या बटणामागे कुठला तरी नंबर हवा होता. मुलगी मनाने चांगली होती. उगाच कोणाला त्रास नको म्हणून तिने मुद्दाम असा नंबर घातला, जो जगात कोणाचाच नाही. “घेणारा बदलून घेईल,” असं ती शेजारच्या टेबलावरच्या मित्राला म्हणाली आणि चहा प्यायला निघून गेली. त्या वाक्याचीच मला तेव्हापासून भीती.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. बाजारात लोकांनी मला भरभरून चांदण्या दिल्या, पाचातल्या पाच. मग माझ्याहून देखणे साचे आले आणि मी यादीत खाली खाली सरकत गेलो. कोणी आपल्याकडे बघतच नाही, ही एक भीती. आणि कोणी बघितलंच, घेतलंच, आणि बटण तसंच राहिलं तर, ही दुसरी. या दोन भीतींच्या मधे मी कितीतरी काळ घालवला.

एके दिवशी एका भावाबहिणीने मला उघडलं. त्यांचं दुकान रुग्णांच्या सामानाचं होतं. चाकाच्या खुर्च्या, वरखाली होणारे पलंग, काठ्या, श्वासाची यंत्रं, सगळं ते घरोघरी भाड्याने द्यायचे. काउंटरमागे घड्या घातलेल्या खुर्च्या एकीला एक टेकून उभ्या होत्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्यांच्या ढिगामुळे खिडकी अर्धी झाकली होती. ढिगाच्या कडेला संगणक, आणि त्याच्यापुढे दोघांची जुंपलेली.

बहिणीला सगळे ताई म्हणत. तिला मोठ्या अक्षरांचा, साधासुधा साचा हवा होता. भावाला तो मुळीच पसंत नव्हता. तो बघून धडधाकट माणूससुद्धा आजारी पडेल, असं त्याचं मत होतं. त्याचा जीव माझ्यावर जडला होता. शेवटी ताई हसली आणि तिने हात टेकले, पण एका अटीवर.

“ते हॉटेलचं चित्र काढायचं,” ती म्हणाली. “तिथे आपल्या दुकानाची पाटी आली पाहिजे. बाबांनी रंगवलेली.”

भावाने नाक मुरडलं. फोटो जरा तिरका आला होता, मधे विजेचा खांबही होता. पाटीवर मधोमध दुकानाचं नाव आणि उजव्या टोकाला वडिलांच्या काळापासून चालत आलेला फोन नंबर. दुकान बंद असलं की तो फोन ताई घरी घेऊन जायची. भावाने कुरकुर केली, पण फोटो लावला.

मग दोघांनी माझी ओळ न्‌ ओळ तपासली. वरच्या पट्टीत खरा नंबर घातला. पत्ता घातला. नमुन्याचं एकेक वाक्य वेचून काढलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा. पण हे सगळं त्यांनी केलं ते संगणकावर. फोनवर मला कोणीच उघडून बघितलं नाही. दोघांचे फोन दिवसभर गिऱ्हाइकांनी अडवलेले, आणि समोर एवढा मोठा पडदा असताना छोट्यात कोण डोकावणार? भाऊ खुशीत म्हणाला, झालं. बटण जिथल्या तिथे होतं.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. माझ्यावर जे लिहाल तेच माझं बोलणं. म्हणून पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कोणाचा तरी अंगठा हिरव्या बटणावर पडायचा आणि पलीकडून एक थंड आवाज सांगायचा की हा नंबर अस्तित्वात नाही. माणूस निघून जायचा. दुकानात भाऊ बुचकळ्यात पडायचा. एवढी सुंदर साइट, आणि नवे फोन कसे येत नाहीत? ताई म्हणायची, लोक आजारी पडत नसतील तर बरंच आहे की.

आणि मग ती दुपार आली.

दुकान जेवणासाठी बंद होतं. एक अंगठा बटणावर पडला. थंड आवाज आला. अंगठा पुन्हा पडला, पुन्हा तोच आवाज. लोक एकदा, फार तर दोनदा दाबतात आणि जातात. हा अंगठा जाईना. तो घाईघाईत कधी बटणाच्या बाजूलाच पडत होता. मला काहीच माहीत नव्हतं, फक्त ती घाई कळत होती. ओरडून सांगावंसं वाटत होतं, दाबू नका हो, तिथे कोणी नाही.

खरा प्रकार मला नंतर कळला. तो अंगठा पुढच्या गल्लीतल्या एका सुनेचा होता. तिच्या सासऱ्यांचं श्वासाचं यंत्र अचानक बंद पडलं होतं. अडीनडीला ठेवलेला प्राणवायूचा छोटा सिलिंडर तिने जोडला होता, पण त्याचा काटा खाली खाली येत होता. रुग्णवाहिका निघाली होती, ती कुठेतरी गर्दीत अडकली. घरात दुसरं कोणी नव्हतं. माझ्यावरचा पत्ता पाहून तिला कळलं की दुकान हाकेच्या अंतरावर आहे, पण सासऱ्यांना एकटं टाकून ती पळणार कशी?

तिने शेवटचं एकदा बटण दाबलं. सासरे घसरत होते, त्यांना उठवून बसवायला दोन्ही हात हवे होते. म्हणून तिने फोन पाण्याच्या जगला टेकवून आडवा ठेवला. थंड आवाज बोलून थांबला आणि पडद्यावर पुन्हा मी आलो. पण आता आडवा. मला तेवढं अंग चोरायची गरज उरली नव्हती. वरची पट्टी लपलेलीच राहिली, पण उभ्या फोनवर कापला गेलेला तो तिरका फोटो पसरला. खांब दिसला, दुकानाचं नाव दिसलं आणि उजव्या टोकाला, वडिलांच्या हातच्या जाड अक्षरांत, नंबर दिसला.

तिने तो मोठ्याने वाचला, सासऱ्यांना एका हाताने धरून ठेवत दुसऱ्या हाताने फिरवला. घरी ताईने हातातला घास खाली ठेवून फोन घेतला. दुकान उघडलं गेलं. चाकांवरचं दुसरं श्वासाचं यंत्र ढकलत भाऊ भर रस्त्यातून धावला आणि नळ्यांची पिशवी घेऊन ताई त्याच्या मागे. ते पोचले तेव्हा काटा तळाला टेकला होता. सासरे वाचले.

चार दिवसांनी सून दुकानात आली. तिने आभार मानले आणि मग जरा रागानेच विचारलं, “ते हिरवं बटण कशाला ठेवलंय तुम्ही?”

भावाला कळेना. त्याने स्वतःचा फोन काढला, पहिल्यांदाच मला त्यात उघडलं आणि बटण दाबलं. काउंटरवरचा फोन वाजला नाही. तो थंड आवाज सगळ्यांनी ऐकला.

“कोणाचा नंबर आहे हा?” ताईने विचारलं.

“कोणाचाच नाही,” भाऊ म्हणाला आणि जवळच्या चाकाच्या खुर्चीत मटकन बसला.

त्याच खुर्चीत बसून त्याने नंबर बदलला. बटण दाबून पाहिलं. काउंटरवरचा फोन वाजला. समोरासमोर असूनही ताईने तो उचलला आणि हॅलो म्हणाली. ऐकू येतंय, असं भाऊ फोनमध्ये म्हणाला. कोणी हसलं नाही.

तुम्हाला वाटेल, आता माझी भीती संपली. पण मित्रांनो, मी एकाच दुकानात नाही. साचा एकदा बनतो आणि किती तरी ठिकाणी विकला जातो. अडकलेली दारं उघडून देणाऱ्याकडे मी आहे, दाईकडे आहे, जनावरांच्या डॉक्टरकडे आहे. त्यांतल्या कोणी मला फोनवर उघडून पाहिलं आणि कोणी नाही, हे मला कळतं, पण सांगता येत नाही.

उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमचंही दुकान असेल. साचा खुशाल घ्या, आवडेल तो घ्या. पण तो जगापुढे ठेवण्याआधी आपल्याच फोनवर उघडा आणि त्याचं प्रत्येक बटण आपल्याच अंगठ्याने एकदा दाबा. पलीकडे आपलं माणूस बोलतंय का, ते कान देऊन ऐका. एवढंच माझं मागणं आहे.

कारण आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, कुठेतरी माझ्या हिरव्या बटणावर एक अंगठा पडला आहे. थंड आवाज बोलून थांबला. अंगठा जात नाही. तो पुन्हा दाबतो आहे.