माझ्या नावाची नळी

"मी नमुना दिलाच नाही, तर त्यात रक्त निघालं कुठून?" मी खिडकीत डोकं घालून विचारलं.

आतली नर्स माझ्या मुलीच्या वयाची. "काका, हळू बोला. शौचाच्या तपासणीत रक्त सापडलंय. म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही, पण दुर्बिणीने आतडं बघून घ्यायला हवं. गुरुवारची वेळ दिलीय."

"बघा की. पण ज्याचं आहे त्याचं बघा."

रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. हसू दे. सत्तावीस वर्षं मी दुकानदारांची वजनमापं तपासली. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक मला बोट फिरवून कळायचं. माझ्या गळ्यात ही पोरगी खोटा रिपोर्ट मारणार?

दोन महिन्यांपूर्वी आरोग्य केंद्राने पासष्टीपुढच्या सगळ्यांना नळ्या वाटल्या. घरी काडीने नमुना घ्यायचा, नळीत घालायचा, आणून द्यायची. आमच्याकडे दोन आल्या, एक माझी, एक बायकोची. मी माझी फडताळात टाकली आणि सांगितलं, मेलो तरी हे करणार नाही. बायको बोलली, मुलगी फोनवर बोलली. पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस नळी दिसेनाशी झाली. बायकोने फेकली असेल, पीडा गेली म्हटलं.

नर्सने नळीसोबत आलेला फॉर्म पुढे सरकवला. "ही तुमचीच सही ना?"

सही माझीच होती, फक्त जरा जास्त चांगली. माझी शेवटी खाली घसरते. ही ओळीवर नीट उभी होती. मी दौऱ्यावर असलो की मुलीच्या प्रगतिपुस्तकावर हीच सही पडायची. बायको ठोकून द्यायची, आणि बाईंना कधी पत्ता लागला नाही.

नळीवर नाव माझं होतं, आतलं सगळं तिचं.

"हिचा रिपोर्ट काय आहे?"

"काकूंचा? नीट आहे."

"आणि दोन्ही नळ्या तिच्याच असतील तर?"

नर्सने माझ्याकडे नीट बघितलं. "रक्त रोज दिसतंच असं नाही, काका. गुरुवारी त्यांना घेऊन या." तिने माझ्या नावाशेजारी पेन्सिलने बायकोचं नाव लिहून घेतलं.

घरी बायको उशीचा अभ्रा शिवत होती. तीन दिवसांपूर्वी केंद्राचं माझ्या नावाचं पत्र आल्यापासून ती गप्प होती. मला वाटत होतं, माझ्या काळजीने.

"माझी नळी तू भरलीस?"

सुई थांबली. "पोरगी रोज फोनवर रडायची, बाबांनी दिली का म्हणून. म्हटलं, घ्या, दिली एकदाची. माझा ठणठणीत येईल, तुमचाही येईल, सगळे गप्प बसतील."

"आणि आता?"

"आता तुम्ही जात नाही म्हणा. तुमचा हट्ट काय कुणाला नवा आहे? माझा तर चांगला आलाय."

मी खुर्चीत बसलो, उठलो, उगाच गॅस बंद आहे का बघून आलो. "तुला रक्त जातं?"

"कधीतरी. मूळव्याध असेल."

"कधीपासून?"

तिने दाताने दोरा तोडला. "हे पडदे लावले तेव्हापासून."

पडदे लावून वर्ष झालं होतं. मला तिचा राग आला, मग माझाच आला. दुकानदारांचं गुंजभर कमी वजन पकडणाऱ्याला घरातलं हे दिसलं नाही. आणि मी शहाण्यासारखी माझी नळी भरली असती, तर तिचा एकच रिपोर्ट आला असता, चांगला. ते मनात आलं की बसवेना. गुरुवारपर्यंत मी घरभर नुसता येरझारा घालत होतो. "पाय दुखतील," ती म्हणायची.

बुधवारी जाऊन मी नवी नळी मागून आणली. भरली, घसरती सही केली आणि देऊन आलो. तिला सांगितलं. "आता सुचलं," ती म्हणाली.

गुरुवारी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. पोट साफ करायचं औषध पिऊन पिऊन तिचा चेहरा उतरला होता. दार उघडलं. पुकारणाऱ्याने छापलेलं तेवढंच वाचलं आणि माझं नाव घेतलं.

मी उठलो. तिने हाताला धरून मला खाली बसवलं. चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"आले," म्हणाली, आणि आत गेली.