पाण्यावरचं मध्यंतर

देऊळतळे गावात दत्तजयंतीचं कीर्तन दोन देवळांत होतं. पूर्वरंग अलीकडच्या काठावर सातेरीच्या देवळात, उत्तररंग पलीकडच्या काठावर दत्ताच्या देवळात, आणि मध्ये पसरलेलं तळं. पूर्वरंग झाला की बुवांच्या गळ्यात हार पडतो, कपाळाला बुक्का लागतो, आणि नामाचा गजर चालू ठेवूनच बुवा घाटाच्या पायऱ्या उतरून होडीत चढतात. चढतात आणि उभे राहतात. कीर्तनकार एकदा उभा राहिला की शेवटच्या आरतीपर्यंत बसत नाही, मग पायाखाली जमीन असो की पाणी. बुवा बसले किंवा गजर थांबला, तर कीर्तन मोडलं.

ही होडी जानकीच्या घराण्याची. सासऱ्यांनी चाळीस वर्षं वल्हवली. नवरा आगबोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने परमुलखात. म्हणून गेली अकरा वर्षं वल्हं जानकीच्या हातात होतं. होडी पुढे नेताना तिची पाठ दत्ताकडे आणि तोंड बुवांकडे. कीर्तनाला इतकी जवळची जागा गावात दुसऱ्या कुणाला नाही, असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा उजळायचा.

गेल्या वर्षी कीर्तन मोडलं.

तळ्यावर आता पर्यटकांच्या नऊ मोटारबोटी फिरतात. सगळ्यांत मोठी प्रीतमची, दोन इंजिनांची. प्रीतम मनाचा भाविक, अगरबत्ती लावल्याशिवाय इंजिनाला हात न लावणारा. भर तळ्यात हार घातलेले बुवा त्याने पाहिले आणि त्याला राहवलं नाही. त्याने होडीभोवती तीन फेरे घातले. प्रदक्षिणा. होडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, बुवा पडले, मनगट मोडलं, पेटी तळ्यात गेली. पलीकडे त्या वर्षी उत्तररंगाविनाच पाळणा हलला, आणि जानकी ओल्या लुगड्यानिशी देवळाबाहेरच्या कठड्यावर बसून राहिली.

म्हणून यंदा जयंतीच्या आठ दिवस आधी सातेरीच्या सभामंडपात बैठक बसली.

"औंदा बुवा गाडीन जातले," भाई म्हणाले. भाई देवस्थानचे अध्यक्ष, आणि कीर्तनाला पेटीवरही तेच. "नऊ किलोमीटर रस्तो. वीस मिंटात पलीकडे."

"गाडीत बुवा उभे रवतले?" जानकीने विचारलं.

खांबाजवळच्या बायका पदरात हसल्या.

"उभे कशे रवतले गो? बसतले."

"मगे कीर्तन मोडलां."

"आणि गेल्या वर्षी तुज्या होडयेत काय झालां? बुवांचो हात मोडलो. माजी पेटी बुडाली. वर काढली, सुकवली, पण मेली अजून खोकता."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मागच्या भिंतीशी प्रीतम उभा होता.

"माज्याकडे कित्याक बघतास?" तो म्हणाला. "मी देवाची प्रदक्षिणा घातलंय. वीस हात लांबसून. माजी बोट होडयेक लागली? कोणी बघल्यानी आसा तर सांगा."

बोट लागली नव्हतीच.

"लागली नाय," जानकी म्हणाली. "आणि तू वायट मनान केलंस, असां कोण म्हणना नाय. पण तू फिरलंस आणि पुढे गेलंस. तुजां पाणी मागसून इलां. तां तुका दिसलांच नाय, तुजी पाठ होती."

"लाटेन माणूस पडता काय गो? वल्हवतल्याचो हात सैल पडलो तर पडता."

हे तिला लागलं. ती उठून उभी राहिली. "फाल्यां सकाळी ये. माज्या होडयेत उभो रव. तुज्याच बोटीन तशेच तीन फेरे घालूक सांग, वीस हात लांबसून. तू उभो रवलंस तर बुवा गाडीन जातले, आणि मी होडी कायमची वर ओढून ठेवतलंय. पडलंस, तर बुवा होडयेतसून जातले आणि तळ्यार मोटारबोटी मी सांगतलंय तशे चलतले."

भाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रीतम, कबूल?"

"कबूल."

घरी गेल्यावर जानकीला झोप लागली नाही असं कुणी म्हणेल, पण ती छान झोपली. पाणी काय करतं ते तिला ठाऊक होतं.

सकाळी घाटावर अर्धा गाव. प्रीतमचा भाऊ विनीत बोटीवर बसला. प्रीतम होडीत चढला, तर जानकीने नारिंगी लाइफ जॅकेट पुढे केलं.

"माका पेवूक येता," तो म्हणाला. आणि खरंच, पोहण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

"पाण्याक तां ठावक नाय. घाल."

त्याने घातलं. तिने त्याच्या हातात चिपळ्याही दिल्या. बुवांचे हात मोकळे नसतात, मग याचे तरी का असावेत? तळ्याच्या मध्यावर तिने वल्हं थांबवलं. प्रीतम छाती काढून उभा राहिला आणि विनीतने इंजिन दाबलं.

पहिला फेरा झाला. होडी जराशी डुलली. "बघ," प्रीतम म्हणाला, "कप भरून दे हातात, चाय सांडूची नाय." दुसरा फेरा झाला. तिसरा झाला, विनीतने इंजिन बंद केलं आणि लांबून हात हलवला. घाटावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"झालां?" प्रीतमने विचारलं.

"आता होतलां," जानकी म्हणाली आणि वल्हं दोन्ही हातांनी धरलं.

गोल फिरलेल्या बोटीचं पाणी गोलातच आत येतं. एक लाट डावीकडून आली, ती होडीखालून जाते न जाते तोच उजवीकडची आली, मग पुढची, मग मागची, आणि सगळ्या मधोमध एकमेकींना भेटल्या. एका बाजूची लाट असती तर जानकीने होडीचं तोंड तिच्याकडे वळवलं असतं. इथे तोंड वळवणार तरी कुठे? प्रीतमने चिपळ्यांचे हात हवेत पसरले, एक पाय उचलला, क्षणभर एखाद्या नाचणाऱ्या बुवासारखा दिसला आणि पाण्यात गेला.

घाटावर हशा उसळला. जॅकेटने त्याला बुचासारखं वर आणलं. चिपळ्या अजून हातातच होत्या. त्याने होडीच्या काठाला हात घातला आणि जानकीकडे पाहिलं. हसणं ऐकू आलं नसावं त्याला.

"बुवा सत्तर वर्षांचे," तो हळूच म्हणाला. "आणि त्यांच्या अंगात जॅकेटव नव्हतां."

"चढ वर," ती म्हणाली.

त्यानंतर प्रीतम घरी गेला नाही. ओल्या कपड्यांनी तो होडीतच बसला आणि विनीतला बोट परत परत जवळून न्यायला लावली. जोरात, मध्यम, हळू. बोटीचं नाक वर उचललं की मागे लाट उठते, हे त्याला होडीत बसल्यावर दिसलं. जोरात येऊन अगदी होडीजवळ वेग तोडला, तर मागची लाट बोटीला ओलांडून पुढे येते, हेही दिसलं. लांबूनच वेग उतरवला, नाक पाण्याला टेकलेलं ठेवलं, तर होडीला नुसता हेलकावा.

"हीच चाल," जानकी म्हणाली. "होडी दिसली काय लांबसूनच हीच चाल."

दुपारी तो तेलात शेंदूर कालवून आला. आपल्या बोटीवर वेगाच्या दांड्याशेजारी, त्या संथ चालीच्या जागी, त्याने शेंदराची रेघ ओढली. मग बाकीच्या आठ बोटींवर गेला.

"बोटीक मळवट भरतंस काय रे?" एकाने विचारलं.

"भरतंय. ल्हान होडी दिसली तर दांडो ह्या रेघेफुडे न्हेवचो नाय. न्हेलंस तर तुका जानकीच्या होडयेत उभो करतलंय."

आठही जणांनी रेघ ओढून घेतली. प्रीतमला पाण्यात पडताना त्यांनी बघितलं होतं.

जयंतीच्या दुपारी सत्यवानबुवा तळेऱ्याहून एसटीने आले. डाव्या मनगटावर अजून पट्टा होता. जानकीने भीतभीतच जॅकेट पुढे केलं. बुवांनी ते उलटसुलट पाहिलं.

"रंग भगवो आसा," ते म्हणाले. "म्हणजे आमच्यातलोच."

अंगरख्यावर जॅकेट, जॅकेटवर उपरणं, उपरण्यावर हार. पूर्वरंग असा रंगला की सातेरीच्या मंडपात मुंगीला जागा नव्हती. पाच वाजता नामाचा गजर सुरू झाला, आणि गजर करतच बुवा घाट उतरले. होडीत चढले. उभे राहिले. भाई पेटी घेऊन समोर बसले, तेही जॅकेट घालून, कारण जानकीने त्यांना तसं चढूच दिलं नसतं.

तळ्यात नऊ बोटी दोन रांगांत उभ्या होत्या, इंजिनं बंद, आणि बोटींवर गच्च माणसं. मधल्या पाण्याच्या वाटेने होडी निघाली. पाणी इतकं निवांत की वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू येत होते. जन्माची वेळ सूर्यास्ताची. सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला होता.

अर्धी वाट झाली आणि तळ्याच्या धरणाकडच्या टोकाला इंजिनाचा आवाज फुटला. कुणा पाहुण्यांची स्पीडबोट होती. सकाळीच ट्रेलरवरून तळ्यात उतरवलेली. तिच्यावरच्यांना ना उत्सव ठाऊक, ना कीर्तन. नाक आकाशात आणि शेपटीला पाण्याचा पिसारा घेऊन ती सरळ इकडेच येत होती.

भाईंची बोटं पेटीवर अडखळली. बुवांचा आवाज चालूच होता.

प्रीतमने इंजिन चालू केलं. दांडा सगळा पुढे टाकून त्या बोटीला आडवं जावं, असं त्याच्या हाताला वाटलं असणार. पण तसं गेला असता तर त्याचीच लाट आधी होडीवर आली असती. दांडा रेघेवर थांबला. तो संथपणे रांगेतून बाहेर पडला आणि आपली भलीमोठी बोट आडवी उभी केली. मागून विनीत ओरडून बाकीच्यांना सांगत होता. एकामागून एक बोटी त्याच चालीने आल्या, अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या, आणि माणसांनी एकमेकांचे कठडे हातांनी धरले. तळ्यात नऊ बोटींची भिंत झाली. प्रीतमने टपावर चढून गळ्यातलं उपरणं काढलं आणि डोक्यावर गरगर फिरवलं.

स्पीडबोटवाल्याने पाहिलं. वेग तोडला. पण उठलेलं पाणी थोडंच त्याचं ऐकतं? लाटा आल्या, भिंतीवर आपटल्या, मोठ्या बोटी करकरत डोलल्या, आणि टोकाशी उरलेल्या जागेतून दोन लाटा होडीकडे निघाल्या. एकाच बाजूने. जानकीने वल्हं रोवलं आणि होडीचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं.

"बुवा, गुडघे सैल सोडा."

बुवांनी गुडघे सोडले. पहिली लाट पुढून उचलून मागे उतरली. दुसरी जरा मोठी होती. भाईंच्या मांडीवर पाणी आलं, पेटी खोकली, बुवा वाकले आणि तोल सावरण्यात त्यांचा श्वास तुटला. ओठ हलले, आवाज नाही.

जानकीचं तोंड बुवांकडे होतं, म्हणून ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं. तिने गजर उचलला. गाण्याचा आवाज तिला नव्हता, पण आवाज होता. तिच्या दुसऱ्या शब्दाला टपावरून प्रीतम मिळाला, तिसऱ्याला नऊच्या नऊ बोटी. मुंबईचे, कोल्हापूरचे, कुठकुठले पर्यटक टाळ्या देत गाऊ लागले. सातेरीच्या घाटाने तो गजर घेतला, दत्ताच्या घाटाने घेतला, आणि तळं भरून गेलं. बुवा सरळ झाले, दोन श्वास घेतले आणि त्या समुद्रात आपला सूर मिसळला. एक अक्षरही मध्ये रिकामं गेलं नव्हतं.

होडी पलीकडच्या पायरीला टेकली. बुवा उभेच उतरले, उभेच देवळात गेले आणि उत्तररंगाला हात घातला. आख्यान अनसूयेचं. जगाचे तीन मालक तिच्या दाराशी आले आणि तिने त्यांची तान्ही बाळं केली. "तिघेही थोर," बुवा म्हणाले आणि दारातून बाहेर तळ्याकडे पाहिलं, "पण तिच्या अंगणात ते लहान झाले, तेव्हाच पाळणा हलला." मंडपाबाहेर नऊ बोटवाले उभे होते, त्यांच्या बाजूला स्पीडबोटवाला पाहुणा, चपला हातात घेऊन. प्रीतमने त्याला खांद्याला धरून आणलं होतं. रागावून नव्हे. "तुका कोणी सांगूक नव्हतां," एवढंच तो म्हणाला होता.

सूर्य टेकला. फुलं उधळली. पाळण्याची दोरी बायकांनी जानकीच्या हातात दिली, आणि बोटींवर थांबलेल्या पोरांनी तळ्यात एकाच वेळी नऊ भोंगे वाजवले. तिने दोरी ओढली तेव्हा तळव्यांवरचे फोड चुरचुरले. तिला ते बरंच वाटलं.

सुंठवडा वाटून झाल्यावर संधिप्रकाशात ती घाटावर आली, तर पायऱ्यांवर ही रांग. सगळ्यांना परत जाताना बुवांच्या होडीतूनच जायचं होतं. मोटारबोटी रिकाम्या, आणि माणसं होडीपाशी.

"सहा जणां," जानकी म्हणाली. "जॅकेट घालून. उजेड आसा तवसर दोन खेपा, उरतले ते प्रीतमच्या बोटीन."

सहा चढले. सातवे भाई, पेटी छातीशी धरून, एक पाय होडीत.

"भाई, तुमी दुसऱ्या खेपेक."

"अगो, मी अध्यक्ष."

"आसात मां. सातवे अध्यक्ष."

घाट हसला. भाईंनी पाय मागे घेतला, पेटी काखेत मारली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. जानकीने वल्ह्याने पायरीला रेटा दिला आणि होडी पाण्यात सरकली.